रंगलेले केंद्रक आणि विभाजनाचे अनुमान

१

पेशीविभाजन ही जीवशास्त्रातील अत्यंत परिचित घटना होय. तथापि ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग ऊतकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकास क्वचितच येतो. काचपट्टीवरील छेद मृत असतो. स्थिरीकरणाच्या क्षणी त्यातील प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत होती, त्याच अवस्थेत ती कायमची थांबलेली असते. त्या क्षणी एखादी पेशी समविभाजनात सापडली असेल, तर तिची गुणसूत्रे साध्या रंजकानेही ओळखता येतात. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृत्या अशाच पेशींच्या होत्या. परंतु सस्तन प्राण्यांच्या संवर्धित पेशीचे चक्र सुमारे २४ तासांचे धरले, तर त्यातील समविभाजनाचा काळ जेमतेम तासाभराचा असतो. उरलेल्या काळात पेशी विभाजनाच्या वाटेवर आहे, की त्या वाटेवरून कायमची बाजूस झाली आहे, हे तिच्या बाह्यरूपावरून सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या चार दशकांहून अधिक काळ प्रतिपिंडांचा आश्रय घेण्यात येत आहे. पेशीचक्राशी निगडित असा एखादा रेणू निवडावयाचा, त्याच्याशी नेमके जुळणारे प्रतिपिंड मिळवावयाचे, आणि त्या प्रतिपिंडास जोडलेल्या रंगाच्या किंवा प्रकाशाच्या योगाने खूण पटलेली केंद्रके मोजावयाची, अशी ही रीत आहे. रीत सोपी आहे आणि फलदायीही आहे. मात्र शोधनिबंधांत ‘विभाजनशील पेशींचे प्रमाण’ म्हणून जो आकडा छापला जातो, तो वस्तुतः रंगलेल्या केंद्रकांचा आकडा असतो. या दोहोंमध्ये किती अंतर आहे आणि ते ओलांडताना कोणती गृहीते नकळत कामी येतात, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष मानले जाते, कारण अग्नीवाचून धूर कोठेही आढळत नाही. याच्या उलट, अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष ठरते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, परंतु धूर नसतो. नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. अग्नीपासून धूर निघण्यास इंधन ओले असावे लागते, हे ते दाखवून देतात आणि अनुमानात लपलेल्या या अटीस ‘उपाधी’ असे नाव देतात.

पेशीविभाजनाच्या अनुमानास हे उदाहरण तंतोतंत लागू पडते. शरीरपेशीचे समविभाजन झाले असेल, तर त्यापूर्वी तिच्यातील डीएनए दुप्पट झालेच असले पाहिजे. म्हणून विभाजनावरून डीएनए-निर्मितीचे अनुमान करण्यास हरकत नाही. प्रयोगशाळेत मात्र अनुमानाची दिशा नेमकी उलटी असते. तेथे डीएनए-निर्मितीची खूण दिसते आणि तीवरून विभाजनाचा निष्कर्ष काढण्यात येतो. हे अग्नीवरून धुराचे अनुमान होय. ते पुष्कळदा खरे ठरते, कारण आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा किंवा गर्भाचे ऊतक यांसारख्या ठिकाणी इंधन ओलेच असते. परंतु ज्या ऊतकात विभाजन होते की नाही हाच वादाचा विषय आहे, तेथे ओलाव्याची अट गृहीत धरून चालत नाही. तापलेले लोखंड कोठे कोठे आढळते, हे पाहणे हेच अशा ठिकाणी समीक्षेचे पहिले काम ठरते.

३

डीएनए-निर्मितीची खूण करण्याची कल्पना प्रतिपिंडांहून जुनी आहे. हॉवर्ड आणि पेल्क यांनी १९५३ मध्ये व्हिसिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांत किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून असे दाखविले की, डीएनए-निर्मिती ही दोन विभाजनांमधील एका ठरावीक काळातच होते. जी-१, एस, जी-२ आणि एम ही पेशीचक्राची चतुर्विध मांडणी तेथूनच रूढ झाली. १९५७ मध्ये टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी त्याच वनस्पतीच्या मुळांत ट्रिटियमयुक्त थायमिडीन योजून गुणसूत्रांचे द्विगुणन कसे होते हे स्पष्ट केले. ही रीत काटेकोर होती, पण संथ होती. छेदावर प्रकाशसंवेदी थर देऊन तो कित्येक आठवडे अंधारात ठेवावा लागे. शिवाय ट्रिटियमच्या किरणांची धाव अत्यल्प असल्याने छेदाच्या अगदी पृष्ठभागालगतची केंद्रकेच नोंदली जात.

१९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीवंशापासून एकजिनसी प्रतिपिंड मिळविण्याची युक्ती शोधली, आणि तिच्या आधारे ग्रात्झनर यांनी १९८२ मध्ये ब्रोमोडीऑक्सियुरिडीन या रेणूस ओळखणारे प्रतिपिंड सादर केले. या रेणूची रचना थायमिडीनसारखीच असते. केवळ पाचव्या स्थानावरील मेथिल गटाच्या जागी ब्रोमीनचा अणू असतो. डीएनए बनविणारी पेशी या दोहोंत फारसा भेद करीत नाही. प्राण्यास या द्रव्याचे इंजेक्शन दिले असता त्या वेळी एस-अवस्थेत असलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये ते गुंफले जाते आणि पुढे प्रतिपिंडाच्या साहाय्याने ओळखता येते. आठवड्यांचे काम दोन-तीन दिवसांवर आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याच पेशीत दुसऱ्या प्रतिपिंडाने दुसरे प्रथिन दाखवून पेशीची जातही ठरविता येऊ लागली. या लाभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या रीतीचे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, हे प्रतिपिंड ब्रोमीनयुक्त रेणूस तो एकपदरी डीएनएमध्ये असेल तरच ओळखते. त्यासाठी छेदावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा, उष्णतेचा किंवा डीएनए तोडणाऱ्या विकराचा प्रयोग करून दुहेरी पदर उलगडावा लागतो. प्रयोग सौम्य झाला तर खूण लपून राहते. तीव्र झाला तर ऊतकाची रचना आणि इतर प्रतिजने नष्ट होतात. म्हणजे मोजणीचा आकडा पेशींवर जितका अवलंबून असतो, तितकाच तो आम्लाच्या तीव्रतेवर आणि घड्याळावरही अवलंबून असतो. दुसरी गोष्ट मात्रेची. उंदरांच्या मेंदूवरील कामात किलोमागे ५० मिलिग्रॅम ही मात्रा दीर्घकाळ प्रचलित होती. कॅमेरॉन आणि मॅके यांनी २००१ मध्ये मोठ्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, त्या मात्रेने एस-अवस्थेतील जेमतेम निम्म्या पेशींवरच खूण उमटते. तिसरी गोष्ट अशी की, खूण झालेली पेशी पुनःपुन्हा विभागत गेली तर प्रत्येक पिढीत खुणेचा वाटा निम्मा होत जातो. परिणामी सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशी सर्वांत आधी दिसेनाशा होतात, आणि एकदाच विभागून थांबलेल्या पेशी उठून दिसतात.

२००८ मध्ये सालिक आणि मिचिसन यांनी एथिनिल गट असलेला थायमिडीनसदृश रेणू पुढे आणला. तो तांब्याच्या उत्प्रेरणाने होणाऱ्या एका साध्या रासायनिक जोडणीने ओळखता येत असल्याने आम्लाची आणि प्रतिपिंडाची दोहोंचीही गरज उरली नाही. या सुधारणेने पहिली अडचण दूर झाली. दुसरी आणि तिसरी मात्र राहिली, आणि मूळ अनुमानाची दिशाही बदलली नाही.

४

अनुमानाच्या या दोषाला खरी धार आली ती प्रौढ मानवी मेंदूच्या प्रश्नात. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होत नाहीत, असा दीर्घकाळ समज होता. ऑल्टमन आणि दास यांनी १९६५ मध्ये ट्रिटियमयुक्त थायमिडीनच्या साहाय्याने उंदराच्या हिप्पोकॅम्पस भागात याच्या विरुद्ध पुरावा दिला, परंतु त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. १९९८ मध्ये एरिक्सन, गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पुरावा मांडला. निदानाच्या हेतूने ब्रोमोडीऑक्सियुरिडीन दिल्या गेलेल्या पाच कर्करुग्णांच्या मेंदूंची त्यांनी मरणोत्तर तपासणी केली. द्रव्य दिल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ १६ ते ७८१ दिवसांचा होता. हिप्पोकॅम्पसमध्ये खूण उमटलेली केंद्रके आढळली, आणि त्यांपैकी काहींत चेतापेशीची ओळख पटविणारी प्रथिनेही सापडली.

या निबंधाचे महत्त्व निर्विवाद आहे. मानवाच्या मेंदूत असा प्रयोग मुद्दाम करणे शक्य नव्हते. रुग्णोपचाराच्या ओघात निर्माण झालेली दुर्मीळ सामग्री लेखकांनी नेमकी हेरली. तरीही चिकित्सक वाचकास प्रश्न पडतो तो असा: त्या चेतापेशी ‘नव्याने जन्मलेल्या’ होत्या हे प्रतिपिंडाने सांगितले काय? प्रतिपिंडाने सांगितले ते इतकेच की, त्या केंद्रकांच्या डीएनएमध्ये ब्रोमीनयुक्त रेणू आहे. तो तेथे येण्याचा एक मार्ग विभाजनपूर्व निर्मितीचा. परंतु अन्य मार्गही संभवतात.

त्यांपैकी डीएनएची दुरुस्ती हा आक्षेप सर्वांत अधिक वेळा घेतला गेला, आणि तोच सर्वांत दुर्बळ आहे. दुरुस्तीत गुंफल्या जाणाऱ्या घटकांची संख्या संपूर्ण द्विगुणनाच्या मानाने नगण्य असते. कूपर-कून आणि कून यांनी २००२ मध्ये हा आक्षेप प्रयोगाने तपासला, तेव्हा दुरुस्तीची खूण नेहमीच्या अभिरंजनात दिसण्याइतकी नसते असेच आढळले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रक्त आणि प्राणवायू यांच्या अभावी मरणपंथास लागलेल्या चेतापेशी मृत्यूपूर्वी डीएनए बनवू लागतात, पण विभागत नाहीत, असे कुआन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. अल्झायमर रोगात चेतापेशींच्या मृत्यूपूर्वी डीएनए-द्विगुणन घडते, असा पुरावा यांग, गेल्डमाकर आणि हेरप यांनी २००१ मध्येच दिला होता. तिसरा आक्षेप प्रत्यारोपणाच्या प्रयोगांपुरता आहे: खूण केलेल्या पेशी यजमानाच्या मेंदूत मरण पावल्या, तर त्यांच्यातून सुटलेले द्रव्य यजमानाच्या विभागणाऱ्या पेशी उचलतात, हे बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगी केंद्रक नि:संशय रंगते. मात्र पहिल्यात नवी पेशी जन्मलेली नसते, तर दुसऱ्यात जन्मलेली पेशी अपेक्षित कुळातील नसते. तापलेले लोखंड ते हेच.

१९९८ च्या निबंधाला या आक्षेपांनी बाध येतो काय? पूर्णांशाने नाही. मरणोन्मुख पेशी ७८१ दिवस टिकून राहील हे असंभवनीय आहे. म्हणून दीर्घकाळानंतरही आढळलेल्या खुणा लेखकांच्या बाजूने उभ्या राहतात. परंतु हा युक्तिवाद प्रतिपिंडाचा नसून काळाचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. अनुमान सावरले ते बाहेरून आलेल्या दुसऱ्या हेतूने.

याहून स्वतंत्र असा पुरावा २०१३ मध्ये स्पॉल्डिंग, फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी दिला. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण झपाट्याने वाढले आणि नंतर उतरत गेले. पेशीच्या डीएनएमध्ये त्याच्या निर्मितिकाळचे प्रमाण नोंदले जाते. त्यावरून त्याचे वय काढता येते. या गणिताने हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्येक बाजूस दररोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा अंदाज निघाला. तथापि येथेही छाननी करणाऱ्याने सावध राहावे. चेतापेशींची केंद्रके इतर केंद्रकांपासून वेगळी काढण्यासाठी या रीतीतही प्रतिपिंडच वापरले जाते; आणि कार्बन-१४ डीएनएचे वय सांगतो, पेशीचे नव्हे. प्रतिपिंडाच्या जोखडातून पूर्णतः सुटका येथेही झालेली नाही, मात्र दोन भिन्न रीतींच्या चुका एकाच दिशेने होण्याचा संभव कमी झाला आहे.

वाद तेथे मिटला नाही. २०१८ मध्ये सॉरेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी आढळत नाहीत असे जाहीर केले. त्याच वर्षी बोल्द्रीनी आणि सहकाऱ्यांनी त्या वार्धक्यापर्यंत आढळतात असे प्रतिपादिले. दोन्ही पक्षांची साधने मुख्यतः प्रतिपिंडेच होती. २०१९ मध्ये मोरेनो-हिमेनेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तरुण चेतापेशी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डबलकॉर्टिन या प्रथिनाचे अभिरंजन ऊतक स्थिरीकरणद्रवात किती काळ राहिले यावर फार अवलंबून असते. एकंदर वादातून निघणारा बोध दुहेरी आहे: रंगलेले केंद्रक म्हणजे विभाजन नव्हे, हे जितके खरे, तितकेच न रंगलेले केंद्रक म्हणजे विभाजनाचा अभाव नव्हे, हेही खरे.

५

ब्रोमोडीऑक्सियुरिडीन आधी द्यावे लागते. पेशीत स्वभावतःच असणाऱ्या प्रथिनांस ओळखणाऱ्या प्रतिपिंडांना ती आवश्यकता नाही. त्यांतील दोन प्रथिनांचा इतिहास उद्‌बोधक आहे, कारण दोहोंच्या बाबतीत प्रतिपिंड आधी मिळाले आणि प्रथिनाचे कार्य पुष्कळ उशिरा कळले.

‘पीसीएनए’ हे पहिले. १९७८ मध्ये मियाची, फ्रिट्झलर आणि टॅन यांना ल्यूपस या रोगाने ग्रस्त असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक स्वप्रतिपिंड आढळले. ते विभागणाऱ्या पेशींच्या केंद्रकांस चिकटत असे. पुढे हे प्रथिन डीएनए बनविणाऱ्या डेल्टा पॉलिमरेज या विकराचे साहाय्यक असल्याचे १९८७ मध्ये सिद्ध झाले. तेच प्रथिन डीएनएच्या दुरुस्तीतही भाग घेते. शिवाय ते दीर्घायुषी असल्याने चक्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशीतही रेंगाळते. स्थिरीकरणाचा परिणाम तर विस्मयकारक आहे: मेथॅनॉलने स्थिर केलेल्या पेशींत केवळ डीएनएला घट्ट बिलगलेला अंश उरतो आणि एस-अवस्थेतीलच पेशी रंगतात, फॉर्मॅलिनने स्थिर केल्यास केंद्रकातील सारा साठा रंगतो. पेशी त्याच, प्रतिपिंड तेच, परंतु द्रव बदलताच ‘विभाजनशील’ पेशींचे प्रमाण बदलते. ज्या निबंधात स्थिरीकरणाची कृती एका ओळीत उरकलेली असते, त्यातील पीसीएनएचा आकडा म्हणूनच जवळजवळ निरर्थक ठरतो.

दुसरे प्रथिन ‘केआय-६७’ होय. गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हॉजकिन रोगाच्या एका पेशीवंशाच्या केंद्रकांविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांतून हे निवडले. कील या शहराच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि संवर्धन-थाळीतील कोनाड्याचा ६७ हा क्रमांक यांवरून त्याचे नाव पडले. पुढील वर्षी त्यांनी दाखविले की, हे प्रतिजन जी-१, एस, जी-२ आणि एम या सर्व अवस्थांत असते, पण विश्रांत पेशीत नसते. मूळ प्रतिपिंड केवळ गोठविलेल्या छेदांवर चाले. १९९२ मध्ये एमआयबी-१ हे नवे प्रतिपिंड आणि छेद मायक्रोवेव्हमध्ये तापविण्याची रीत यांच्या जोडीमुळे मेणात बसविलेल्या जुन्या नमुन्यांवरही ते वापरता येऊ लागले, आणि रोगनिदानशास्त्रात त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

एवढे सर्व होईपर्यंत हे प्रथिन पेशीत काय करते याचा उलगडा झालेला नव्हता. विभाजनाशी त्याचे इतके निकट साहचर्य आहे, तेव्हा विभाजनास ते आवश्यक असले पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत होती. २०१६ मध्ये ही समजूत ढासळली. सोबेकी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, केआय-६७ नसलेल्या पेशीही विभागतात आणि त्या प्रथिनात बिघाड केलेल्या उंदरांची वाढही होते. त्याच वर्षी कुयलेन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, समविभाजनाच्या वेळी हे प्रथिन गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर पसरून ती एकमेकांस चिकटू देत नाही. साबण जसा तेलाचे थेंब अलग ठेवतो, तसे त्याचे कार्य आहे. साहचर्य खरे होते. कार्यकारणभाव मात्र कल्पिलेला होता.

२०१८ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी यात आणखी एक दुरुस्ती केली. जी-१ आणि विश्रांत अवस्थेत हे प्रथिन सतत नष्ट होत जाते. त्यामुळे एखाद्या पेशीत ते किती उरले आहे, हे ती चक्रातून बाहेर पडून किती काळ लोटला यावर अवलंबून असते. तात्पर्य, ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी दोन पारडी निसर्गात नाहीत. तेथे एक उतार आहे. त्या उतारावर रेघ कोठे ओढावयाची, हे सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली व्यक्ती ठरविते.

६

ही रेघ प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिली असती, तर तिची चर्चा तज्ज्ञांपुरती उरली असती. परंतु स्तनाच्या कर्करोगात केआय-६७ रंगलेल्या पेशींचे शेकडा प्रमाण हे अर्बुदाच्या वेगाचे माप मानले जाते, आणि रुग्णेस रसायनोपचार द्यावेत की नाहीत या निर्णयात ते माप विचारात घेतले जाते. २०११ मध्ये सेंट गॅलन येथील तज्ज्ञ-परिषदेने यासाठी शेकडा १४ ही सीमा स्वीकारली होती. तेव्हा १३ आणि १५ यांतील फरकास काय आधार आहे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

पॉली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली तपासणी या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. केआय-६७ च्या कामाचा अनुभव असलेल्या ८ प्रयोगशाळांना १०० अर्बुदांचे नमुने देण्यात आले. एकाच ठिकाणी रंगविलेल्या काचपट्ट्या मोजतानाही निरनिराळ्या प्रयोगशाळांची सरासरी सुमारे शेकडा ७ पासून २४ पर्यंत पसरली. प्रत्येकीने आपापल्या रीतीने रंगविल्यावर हा पसारा सुमारे ६ पासून ३० पर्यंत गेला. विशेष म्हणजे, एकाच प्रयोगशाळेने केलेल्या पुनर्मोजणीत उत्तम मेळ होता. प्रत्येक जण स्वतःशी सुसंगत होता, परस्परांशी नव्हता. आपला आकडा दोनदा सारखाच आला म्हणून तो बरोबर आहे, या समाधानातील धोका याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२१ मध्ये घेतलेली भूमिका समंजस म्हणावी लागेल. संप्रेरकग्राही आणि एचईआर-२ नसलेल्या प्रारंभिक अर्बुदांत शेकडा ५ किंवा त्याहून कमी आणि ३० किंवा त्याहून अधिक अशी टोकेच निर्णयास उपयोगी मानावीत, असे त्या गटाने सुचविले. मधला विस्तीर्ण प्रदेश अनिर्णीत ठेवण्याचे धैर्य त्यात आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने अबेमासिक्लिब या औषधाच्या एका उपयोगास शेकडा २० ची अट घातली होती. मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. सीमारेषा मागे घेण्याचा हा प्रसंग रेघ ओढणाऱ्यांनी स्मरणात ठेवावा असा आहे.

आकड्याच्या अर्थाविषयी आणखी एक गोंधळ आढळतो. रंगलेल्या केंद्रकांचे शेकडा प्रमाण ही एका क्षणाची स्थिती होय. ती गती नव्हे. दोन ऊतकांत निम्म्या पेशी चक्रात असल्या, आणि एकातील चक्र २० तासांचे व दुसऱ्यातील ६० तासांचे असले, तर प्रमाण सारखे असूनही पहिल्यातील निर्मिती तिप्पट होते. त्यातून मरणाऱ्या पेशींची वजाबाकी केल्याशिवाय वाढीविषयी काहीच बोलता येत नाही. यात्रेत वाटेवर किती वारकरी आहेत हे मोजून दिंडी किती वेगाने चालली आहे हे कळत नाही.

७

विभाजनाच्या सर्वांत निकट जाणारा साक्षीदार म्हणजे हिस्टोन एच-३ या प्रथिनातील दहाव्या स्थानावरील सेरीनचे फॉस्फेटीकरण. हेन्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविल्याप्रमाणे ही खूण जी-२ च्या अखेरीस गुणसूत्रबिंदूंलगत उमटू लागते आणि समविभाजनाच्या आरंभी सर्व गुणसूत्रांवर पसरते. तिच्या योगे समविभाजनातील पेशी नेमक्या ओळखता येतात. अर्थात् अशा पेशी थोड्या असल्याने मोजणी मोठी करावी लागते, आणि उत्तेजित झालेल्या विश्रांत पेशींतही काही जनुकांपाशी अल्पशी अशीच खूण उमटते, याचे भान ठेवावे लागते.

परंतु हाही साक्षीदार एका ठिकाणी अगदी उलट बोलतो. आपल्याकडील कळलावीच्या कंदातही असणारे कोल्चिसीन, किंवा त्याच्याप्रमाणे तर्कूच्या तंतूंवर परिणाम करणारी अन्य द्रव्ये दिली असता पेशी समविभाजनात अडकून पडतात. विभाजन थांबते, आणि त्यामुळेच फॉस्फेटयुक्त हिस्टोन दाखविणाऱ्या पेशींची संख्या भराभर वाढते. केवळ आकडा पाहणाऱ्यास ऊतकात विभाजनाला ऊत आला आहे असे वाटेल. धरणाचे दरवाजे बंद केल्यावर पाणी फुगते, म्हणून नदीला पूर आला असे कोणी म्हणत नाही; काचपट्टीपुढे मात्र हा भ्रम सहज होतो.

हृदयाच्या स्नायुपेशींनी तर चारही साक्षीदारांची परीक्षा घेतली आहे. जन्मानंतर लवकरच उंदरांच्या या पेशी डीएनए बनवितात, केंद्रकाचे विभाजनही करतात, परंतु पेशीद्रव्य विभागत नाही. एकाच पेशीत दोन केंद्रके राहतात. मानवात बहुधा केंद्रक एकच राहून त्यातील डीएनए दुप्पट वा चौपट होते. यकृताच्या पेशींतही अशी बहुगुणितता सामान्य आहे. अशा ऊतकात थायमिडीनसदृश रेणू, पीसीएनए, केआय-६७ आणि कित्येकदा फॉस्फेटयुक्त हिस्टोन हे सारे एकमुखाने होकार देतील, आणि तरीही पेशींच्या संख्येत एकाचीही भर पडलेली नसेल. बर्गमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कार्बन-१४ च्या रीतीने, बहुगुणिततेचा हिशेब वजा करून, काढलेला अंदाज असा की, मानवी हृदयातील स्नायुपेशींचे नूतनीकरण वयाच्या २५ व्या वर्षी वर्षाला शेकडा १ आणि ७५ व्या वर्षी शेकडा ०.४५ इतकेच होते. हृदयविकारानंतर स्नायू पुन्हा घडविण्याच्या आशा ज्या केवळ रंगलेल्या केंद्रकांवर उभारल्या जातात, त्यांचे मूल्यमापन या आकड्यांच्या उजेडात करणे प्राप्त आहे.

८

येथवरच्या विवेचनात प्रतिपिंड स्वतः प्रामाणिक आहे असे धरले आहे. तेही नेहमी खरे नसते. एकाच प्रथिनाविरुद्धची दोन प्रतिपिंडे निरनिराळी केंद्रके रंगवितात. प्राण्यांच्या रक्तद्रवातून मिळविलेल्या प्रतिपिंडाचा एक साठा संपून दुसरा आला की गुणधर्म बदलतात. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने, ज्यांचा जनुकीय अनुक्रम ज्ञात आहे अशीच प्रतिपिंडे वापरावीत, असे आवाहन केले ते याच अनुभवातून. पहिले प्रतिपिंड वगळून केलेली तुलना केवळ दुसऱ्या प्रतिपिंडाची निर्दोषता सिद्ध करते. पहिल्याची सिद्ध होण्यास ते प्रथिनच नसलेले ऊतक लागते. ब्रोमोडीऑक्सियुरिडीनच्या बाबतीत ही कसोटी अत्यंत सोपी आहे: ज्या प्राण्यास द्रव्य दिलेच नाही, त्याचा छेद त्याच कृतीने रंगवावा. इतकी स्वस्त कसोटी असूनही तिचा उल्लेख पुष्कळ निबंधांत आढळू नये, ही खेदाची गोष्ट होय.

या सर्वांचा अर्थ प्रतिपिंडे टाकून द्यावीत असा मुळीच नाही. त्यांच्यावाचून पेशीचक्राचे आजचे ज्ञान संभवलेच नसते. प्रश्न आहे तो साक्षीची कक्षा ओळखण्याचा. थायमिडीनसदृश रेणू डीएनए-निर्मितीची साक्ष देतो. पीसीएनए द्विगुणनाच्या यंत्रणेच्या अस्तित्वाची. केआय-६७ चक्रात असण्याची किंवा नुकतेच असल्याची. फॉस्फेटयुक्त हिस्टोन समविभाजनात असण्याची. एका पेशीच्या दोन पेशी झाल्याची साक्ष यांपैकी कोणीही देत नाही. ती हवी असेल तर जिवंत पेशीचे सलग चित्रण, वंशावळीची जनुकीय खूण किंवा पेशींची प्रत्यक्ष वाढलेली संख्या यांकडे वळावे लागते. जेथे हे शक्य नाही, तेथे दोन भिन्न घटनांचे साक्षीदार जोडीने उभे करावेत. क्लोरीन आणि आयोडीन असलेले थायमिडीनसदृश रेणू काही तासांच्या अंतराने देऊन त्यांस वेगवेगळ्या प्रतिपिंडांनी ओळखले, तर स्थितीबरोबर गतीचाही अंदाज येतो.

आणि जेथे तेही शक्य नाही, तेथे निदान भाषा तरी नेमकी ठेवता येते. ‘विभाजनशील पेशी शेकडा १२’ असे लिहिण्याऐवजी ‘केआय-६७ रंगलेली केंद्रके शेकडा १२’ असे लिहिण्यास अधिक प्रतिपिंड लागत नाही, अधिक खर्च येत नाही. वाक्य थोडे लांबते. परंतु त्यात पाहिलेले काय आणि अनुमानलेले काय हे वेगवेगळे राहते, आणि उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यास त्या आकड्याचा उपयोग करावयाचा असेल, तर तो कोणत्या अटीवर करावा हे त्यास कळते.